शीट कोणासाठी?

हरियाणातल्या कुरुक्षेत्र आणि महेंद्रगड या दोन जिल्ह्यांत २०१२-१३ या शालेय वर्षात एक प्रयोग झाला. महेंद्रगड २०१३ साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे ज्याला सगळे एनसीआर म्हणतात त्यात, सामील झाला. तेव्हा ही गोष्ट दिल्लीच्या दारातलीच. सुमारे ५०० सरकारी शाळा निवडल्या होत्या. चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे काही शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले: शिक्षकांना प्रशिक्षण, मूल्यमापनाचे तक्ते, प्रत्येक मुलाच्या प्रगतीची वरचेवर नोंद. काही प्राथमिक शाळांत निराळे काम सुरू केले. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवायची, मुलाला जेवढे वाचता येते त्या पातळीच्या गटात त्याला बसवायचे आणि तिथून हिंदी शिकवायचे. काही शाळांत दोन्ही गोष्टी केल्या, काहींत काहीच नाही. वर्षअखेरीस चाचणी घेतली तेव्हा मूल्यमापनाच्या नोंदी ठेवणाऱ्या शाळांतली मुले इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली नाहीत, ना तोंडी परीक्षेत ना लेखी. पातळीप्रमाणे गट करून शिकवलेली मुले मात्र हिंदीत स्पष्टपणे पुढे होती. जेम्स बेरी, हरिणी कन्नन, शोभिनी मुखर्जी आणि मार्क शॉटलंड या चौघांनी हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकातच वारंवार मूल्यमापनाला अपयश आल्याचे म्हटले.

हा निष्कर्ष दिल्लीतल्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. कारण मुलांची प्रगती मोजायची, ती एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये भरायची आणि शीट वर पाठवायची, हे इथल्या शाळांचे नेहमीचे काम झाले आहे, आणि या भरण्यालाच सुधारणा समजले जाते. माझे म्हणणे असे आहे की प्रगतीची शीट जो भरतो, त्यालाच तिचा पहिला उपयोग झाला पाहिजे. जिचा पहिला वाचक वर्गाबाहेरचा अधिकारी असतो ती शीट मुलाच्या कामी येत नाही, आणि काही काळाने खरीही राहत नाही.

मोजमापच नको, शिक्षकाला आपली मुले ठाऊक असतातच, असे म्हणणारा मोठा वर्ग आहे. त्यांच्या बाजूने मी उभा राहू शकत नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पुढच्या बाकावरची दहा आणि दंगा करणारी पाच मुले शिक्षकाला नीट माहीत असतात. मधल्या बाकावर शांत बसणारी, फळ्यावरचे हुबेहूब उतरवून घेणारी, वही नीटनेटकी ठेवणारी आणि एकही ओळ वाचता न येणारी मुलगी वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. दिल्ली सरकारने २०१६ साली ‘चुनौती २०१८’ हा कार्यक्रम जाहीर केला आणि त्या वर्षी सहावीतल्या मुलांचे वाचन तपासले. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना त्यांच्याच हिंदीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नव्हता. ही मुले पाच वर्षे हजेरीपटावर होती. त्यांना दरवर्षी निकालपत्रक मिळत होते. शिक्षण हक्क कायद्यातल्या नापास न करण्याच्या तरतुदीमुळे ती वरच्या वर्गात येत राहिली, आणि त्याच कायद्याने सांगितलेले सातत्यपूर्ण मूल्यमापनही कागदावर होत राहिले. तो आकडा एका सरकारने स्वतःच्या शाळांबद्दल जाहीरपणे सांगितला, ही धैर्याची गोष्ट होती. मोजल्याशिवाय ती घडली नसती. पुढे २०१८ साली ‘मिशन बुनियाद’ आले आणि महापालिकेच्या प्राथमिक शाळांपर्यंत हे काम पोचले.

त्या मोजणीचे साधन किती साधे होते तेही पाहण्यासारखे आहे. १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून काम सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने ते रुळवले. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे हे तिचे संस्थापक. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाने समोर बसून वाचायचे, आणि ते जिथे अडते तिथे त्याची पातळी. २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात होणारे ‘असर’ सर्वेक्षण याच कागदावर उभे आहे. एका मुलाला काही मिनिटे पुरतात आणि नोंद एका शब्दात होते. मुख्य म्हणजे ती नोंद पाहून उद्या काय करायचे हे शिक्षकाला तिथल्या तिथे कळते. शब्दावर अडलेल्या मुलासमोर सहावीचा धडा ठेवण्यात अर्थ नाही, हे समजायला कोणत्याही विश्लेषणाची गरज पडत नाही.

ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६ साली आयोगाने अहवाल दिला तेव्हा मूल्यमापन ही शिकवण्यातच मिसळलेली, सतत चालणारी प्रक्रिया आहे असे त्यात मांडले आणि प्राथमिक शाळांत साधी संचयी नोंदपत्रके टप्प्याटप्प्याने आणावीत असे सुचवले. ‘साधी’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. मुलाबरोबर एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जाणारे आणि नव्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडणारे असे ते पत्रक असावे. नाईकांनी आयुष्यभर शिक्षणातली आकडेवारी पाहिली, आणि समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्हींचा मेळ आपल्याला साधत नाही ही खंत त्यांनी पुस्तक लिहून मांडली. मोजणीचा कंटाळा असलेला हा माणूस नव्हता. पण मोजणी कोणाच्या हातात राहावी याचे भान त्या साध्या पत्रकात होते.

आजची नोंद निराळ्या वाटेने जाते. खात्याकडून आदेश निघतो, झोनच्या कार्यालयातून तो मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, तिथून शिक्षकांच्या ग्रुपवर. सोबत शीटची लिंक आणि ‘आज शाम तक’. दिल्लीत एकाच इमारतीत सकाळी मुलींची आणि दुपारनंतर मुलांची शाळा भरते, अशा कितीतरी इमारती आहेत. दोन पाळ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात शिक्षक मोबाइलवर ती शीट उघडतो, बोटाने रकाने सरकवत चाळीस-पन्नास मुलांची पातळी भरतो, आणि ती भरताना त्याचा विचार एकच असतो: ही वेळेत गेली पाहिजे. शीट गेली की त्याच्याकडे काही उरत नाही. महिन्याने पुन्हा तीच मुले नव्या शीटमध्ये, नव्या क्रमाने, एखादा रकाना वाढवून येतात. गेल्या महिन्यात कोण कुठे होते हे पाहायची सोयच नसते.

यामिनी अय्यर आणि श्रायना भट्टाचार्य यांनी २०१६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये गट पातळीवरच्या शिक्षणाधिकाऱ्यांवर लिहिताना पोस्ट ऑफिसचा शब्द वापरला होता. वरून आलेले खाली द्यायचे, खालून आलेले वर द्यायचे, मध्ये स्वतः काही ठरवायचे नाही, अशी ही यंत्रणा स्वतःकडे पाहते. गूगल शीटने हे पोस्ट ऑफिस अतिशय वेगवान केले. पूर्वी माहिती मागवायची तर टपाल, प्रपत्र, स्मरणपत्र असा खर्च होता, म्हणून मागणाराही दोनदा विचार करायचा. आता मागण्याचा खर्च शून्य आहे आणि देण्याचा खर्च जसाच्या तसा आहे. सगळी गडबड या असमतोलात आहे. कायद्याचीही इथे मदत होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे. पण मुलांच्या प्रगतीची शीट भरणे नावाने शैक्षणिकच ठरते, त्यामुळे तिला मर्यादा घालणारे कलम कुठेच नाही.

महाराष्ट्राने हे सगळे आधी भोगले आहे. २०१५ साली ‘सरल’ ही संगणकप्रणाली आली तेव्हा दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री जागून माहिती भरणारे शिक्षक गावोगाव होते. पण त्याहून बोलकी गोष्ट वर्णनात्मक नोंदींची आहे. २० ऑगस्ट २०१०च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले आणि प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने आपल्या शब्दांत लिहावे असे ठरले. हेतू फार चांगला होता. थोड्याच काळात तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका आणि पीडीएफ फिरू लागल्या: विषयवार वाक्ये, कला-कार्यानुभवासकट, कॉपी करून चिकटवण्यासाठी. ‘सुंदर हस्ताक्षर काढतो’, ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’. यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. जी नोंद लिहिणाऱ्याला पुन्हा कधी वाचावी लागणार नाही, आणि तपासणारा फक्त ती भरली आहे की नाही एवढेच पाहणार आहे, ती नोंद कोणीही अशीच भरेल. याच राज्यात फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी, कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी मुलांकडे बारकाईने पाहण्याची रीत घालून दिली. तिथली निरीक्षणे शिकवणाऱ्यांच्या कामाची होती.

आता शीटकडे शीट म्हणून पाहू. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आणले, तेव्हा ते हिशेबासाठी होते. एका घरातला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली बाकीची घरे आपोआप बदलतात, हा त्याचा मोठा गुण. पैशाच्या हिशेबात हे चोख चालते, कारण रुपया सगळीकडे रुपयाच असतो. वाचनाची पातळी तशी नसते. अक्षराला १, शब्दाला २, परिच्छेदाला ३ आणि गोष्टीला ४ असे आकडे दिले, आणि चाळीसच्या वर्गात वीस मुले अक्षरावर व वीस गोष्टीवर असली, तर सरासरी अडीच येते. त्या वर्गात अडीचवर एकही मूल नाही. अर्ध्या मुलांना मुळाक्षरांपासून शिकवायला हवे आणि अर्ध्यांना पुस्तके द्यायला हवीत, ही खरी बातमी सरासरीने पुसून टाकली. वरच्या कार्यालयात मात्र अडीच पोचते, शेजारच्या शाळेच्या दोन पूर्णांक सातशी त्याची तुलना होते आणि मुख्याध्यापकांना विचारणा होते.

रिकाम्या घराची गोष्ट याहून गंभीर आहे. एक्सेलमध्ये सरासरी काढताना रिकामे घर मोजले जात नाही, शून्य लिहिले तर मोजले जाते. दिल्लीच्या सरकारी शाळांत पूर्वांचल आणि बिहारमधून आलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने आहेत. छठला, लग्नसराईला, कापणीला ती गावी जातात आणि कधी कधी महिनाभर परतत नाहीत. ज्यांचा अभ्यास सर्वांत मागे आहे, त्यांचीच गैरहजेरी सर्वांत जास्त असते. चाचणीच्या दिवशी त्यांचे घर रिकामे राहिले की वर्गाची सरासरी वर जाते. म्हणजे मूल शाळेतून निसटू लागले की शाळेची प्रगती झालेली दिसते. कोणी फसवणूक केलेली नसते, सूत्र बरोबर असते, आणि तरीही शीट उलट सांगते. वर्गशिक्षिकेला ते रिकामे घर पाहून पोटात कालवते, कारण ते घर कोणाचे आहे हे तिला माहीत असते. वर बसलेल्याला ते दिसतच नाही, कारण त्याच्यापर्यंत फक्त बेरीज जाते.

रकान्याचे शीर्षक काय सांगते आणि काय लपवते, यासाठी दिल्लीइतके चांगले ठिकाण नाही. ‘निपुण भारत’ ही केंद्राची योजना जुलै २०२१मध्ये सुरू झाली, आणि तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे लक्ष्य तिने ठेवले. ‘समजून’ हा शब्द लक्ष्यात आहे, पण मिनिटाला शब्द मोजणे सोपे आणि समज मोजणे अवघड, म्हणून शीटमध्ये पहिलाच आकडा ठळक होतो. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन पुण्याहून किंवा नागपूरहून दिल्लीत आलेल्या कुटुंबातला, मराठी माध्यमातून आलेला मुलगा घ्या. लिपी तीच, त्यामुळे तो हिंदीचा उतारा झरझर वाचतो. शीटमध्ये त्याचे घर हिरवे होते. उताऱ्यातले अर्धे त्याला कळलेले नसते. त्याच बाकावर दरभंग्याकडची मैथिली बोलणारी मुलगी आहे. बाईंनी गोष्ट वाचून दाखवली तर तिला ती पूर्ण कळते, प्रश्नांची उत्तरेही देते, पण स्वतः वाचताना जोडाक्षरावर अडखळते. तिचे घर लाल. दोघांना वेगवेगळी मदत हवी आहे आणि मुलाला ती मिळणारच नाही, कारण तो निपुण ठरला आहे. बाजूला चार शब्दांचा शेरा लिहायची जागा असती तर हे टळले असते. पण शेऱ्याची बेरीज होत नाही, म्हणून वर जाणाऱ्या शीटमध्ये तो रकाना नसतो.

आता खरेपणाकडे वळतो. इंग्लंडने १८६२ साली शाळांचे अनुदान निकालाला बांधले. पुरेशी हजेरी असलेल्या प्रत्येक मुलामागे आठ शिलिंग ठरले, आणि वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी ज्यात मूल नापास होईल त्या प्रत्येकासाठी त्यातले दोन शिलिंग आठ पेन्स कापले जायचे. शिक्षकांनी मुलांकडून वाचनाचे पुस्तकच पाठ करून घेतले. कवी मॅथ्यू आर्नल्ड शाळा तपासनीस होता; त्याने या पद्धतीला शेवटपर्यंत विरोध केला, आणि १८९०च्या दशकात ती मागे घ्यावी लागली. आपल्याकडे पैशाची कपात नाही, पण बदली आहे, नोटीस आहे, बैठकीत सर्वांसमोर होणारी विचारणा आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित सिंग यांनी मध्य प्रदेशात सरकारी चाचणीनंतर मुलांची स्वतंत्र फेरतपासणी केली तेव्हा सरकारी आकडे मुलांची पातळी खूपच फुगवून दाखवत होते. हे वाचून मला शिक्षकांचा राग आला नाही. मुलाची खरी पातळी लिहिली तर शिक्षा, फुगवून लिहिली तर शांतता, अशी व्यवस्था असेल तर आकडा फुगणारच. आणि त्याचे सर्वांत वाईट फळ मुलाच्या पदरी पडते. ज्याला वाचता येते असे शीट म्हणते, त्याला वाचायला शिकवण्यासाठी कोणी वेळ काढत नाही.

हरियाणाने यावर एक उपाय केला. २०१७ साली ‘सक्षम’ मोहीम सुरू झाली. प्रशासकीय गटाने, म्हणजे ब्लॉकने, स्वतः पुढे येऊन आम्ही तयार आहोत असे सांगायचे, मग बाहेरच्या संस्थेने चाचणी घ्यायची, आणि ८० टक्के मुले इयत्तेच्या पातळीवर असतील तर गट सक्षम घोषित व्हायचा. शिक्षकाने स्वतःच्या वर्गाचा निकाल स्वतः भरण्यापेक्षा हे कितीतरी बरे. पण ८० टक्क्यांची रेघ ओढली की सर्वांचे लक्ष रेघेच्या जरा खाली असलेल्या मुलांकडे जाते, कारण थोड्या मेहनतीत तीच पलीकडे ढकलता येतात. जो अक्षरावर आहे त्याला उरलेल्या २० टक्क्यांत सोडून देता येते, आणि तरीही यश पुरे होते.

इथे मला वाटते आपण दोन निराळी कामे एका शीटवर लादली आहेत. एक काम व्यवस्थेची तब्येत पाहण्याचे: दिल्लीच्या पाचवीतली किती मुले भागाकार करू शकतात, कोणत्या भागात परिस्थिती बिकट आहे, धोरण बदलल्यावर फरक पडला का. दुसरे काम या मुलीला उद्या काय शिकवायचे ते ठरवण्याचे. पहिल्या कामासाठी प्रत्येक मुलाची नोंद लागतच नाही, नमुना पुरतो. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात सुमारे ३४ लाख मुले होती. डिसेंबर २०२४मधल्या ‘परख’ सर्वेक्षणात सुमारे २१ लाख मुलांवर देशाचे, राज्यांचे आणि जिल्ह्यांचे चित्र उभे राहिले. देशातल्या शाळकरी मुलांचा हा छोटासा अंश आहे. दुसऱ्या कामासाठी प्रत्येक मुलाची नोंद लागते, पण ती वर्गात लागते, मुख्यालयात लागत नाही. दिल्लीतल्या प्रत्येक मुलाची पातळी दर महिन्याला मुख्यालयात गोळा करणे या दोहोंपैकी कोणत्याच कामाला आवश्यक नाही. जे आवश्यक नाही त्यासाठी शिक्षकाचा वेळ घेण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

माहिती वापरली तर काय होते याचा पुरावाही दिल्लीतच आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी २०१५ साली दिल्लीत माध्यमिक शाळेतल्या ६१९ मुलांबरोबर ‘माइंडस्पार्क’ या संगणकप्रणालीचा अभ्यास केला. सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीतली साडेचार. दरी दरवर्षी रुंदावत होती, पुस्तक मात्र सर्वांना आपापल्या इयत्तेचेच मिळत होते. साडेचार महिन्यांच्या शाळेबाहेरच्या वर्गांनंतर, ज्यांना त्या वर्गांत प्रवेश मिळाला त्यांची गणित आणि हिंदी दोन्हींत लक्षणीय प्रगती झाली. त्या प्रणालीत माहिती भरपूर गोळा होत होती, प्रत्येक उत्तराची. फरक एवढाच की मुलाने चुकीचे उत्तर दिले की पुढचाच प्रश्न त्याप्रमाणे बदलत होता. नोंद आणि कृती यांच्यात अंतर नव्हते. शिक्षकाच्या हातात हे संगणकाइतक्या झटपट होणार नाही, पण आठवड्यात नक्की होऊ शकते, जर शीट त्याच्यापाशी राहिली तर.

गुरुग्राम, नोएडाच्या खासगी शाळांत शिक्षकाऐवजी पालक या जाळ्यात सापडतो. शाळेच्या ॲपवर आलेख येतो: गेल्या चाचणीत ८३, या चाचणीत ७९. घरात काळजी सुरू होते, शिकवणी लावायची का अशी चर्चा होते. दोन चाचण्यांत धडे वेगळे, प्रश्न वेगळे, काठिण्य वेगळे. त्या दोन आकड्यांना जोडणारी रेघ काढलीच जाऊ नये. आईवडिलांना खरे तर विचारायचे असते की अपूर्णांक समजले का, आणि त्याचे उत्तर आलेखात नसते. शिवाय शाळा सरकारी असो वा खासगी, मुलाचे नाव, आधार क्रमांक, जात-प्रवर्ग, आईवडिलांचा फोन असलेली शीट लिंकवर सगळीकडे फिरते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे. ती लिंक पुढे पाठवताना हे किती जणांच्या मनात येते?

मग चांगली शीट कशी असावी? माझ्या मते वर्गाची शीट वर्गापुरती असावी. मुलांची नावे वर्षभर त्याच क्रमाने, कारण गुणांचा एकच रकाना निवडून क्रम लावला की एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जातात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पातळीचे रकाने तारखेसह, जुने न पुसता, म्हणजे जुलैत शब्दावर असलेले मूल ऑक्टोबरात कुठे आहे हे एका नजरेत दिसेल. गैरहजर मुलाचे घर रिकामे न ठेवता तिथे ‘गैरहजर’ असे लिहावे आणि कारण माहीत असेल तर तेही. प्रत्येक नावापुढे शेऱ्याची जागा, तीही शिक्षकाच्या भाषेत. सरासरी नको. त्याऐवजी प्रत्येक पातळीवर किती मुले आहेत ती मोजणी, कारण गट त्यावरून पडतात. आणि गट काही आठवड्यांनी मोडून पुन्हा करावेत. ‘चुनौती’त गटांना प्रतिभा, निष्ठा, निओ-निष्ठा अशी नावे होती. नाव कितीही चांगले दिले तरी आपल्याला कोणत्या तुकडीत टाकले आहे हे बारा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी कळते, आणि तुकडी वर्षभर तीच राहिली की ते स्वतःला तसेच समजू लागते. नोंदीचा उपयोग मुलाला गटातून बाहेर काढण्यासाठी झाला तरच ती ठेवण्यात अर्थ आहे.

अधिकाऱ्यांचा आक्षेप मी ऐकला आहे, आणि तो वाजवी आहे: शीट आली नाही तर कुठे मदत लागते हे आम्हाला कसे कळणार? सुरुवातीला सांगितलेल्या हरियाणाच्या प्रयोगात याचे उत्तर आहे. पातळीप्रमाणे गट करण्याचे काम टिकले त्यामागे गटसाधन केंद्रातले पर्यवेक्षक होते. त्यांनी आधी स्वतः मुलांना या रीतीने शिकवून पाहिले आणि मग शाळांत जाऊन शिक्षकांना मदत केली. अधिकारी वर्गात गेला, वाटेल ती सहा मुले बोलावली, त्यांच्याकडून वाचून घेतले आणि नंतर शिक्षकाची शीट त्याच्याबरोबर बसून पाहिली, तर अर्ध्या तासात त्याला जे कळेल ते वर्षभराच्या शीटमधून कळणार नाही. त्या भेटीत खरी पातळी लिहिणाऱ्या शिक्षकाला शाबासकी मिळाली पाहिजे, मग ती पातळी कितीही खालची असो. दिल्लीत ३० जुलै २०१६ला पहिली मेगा पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक सभा, झाली तेव्हापासून पालक मोठ्या संख्येने शाळेत येऊ लागले आहेत. त्यांच्यासमोर मुलाने एक उतारा वाचून दाखवावा. आई निरक्षर असली तरी आपले मूल कुठे अडते आणि गेल्या वेळेपेक्षा कमी अडले का हे तिला ऐकून समजते.

हे करून पाहायला नवा कायदा किंवा नवी प्रणाली लागत नाही. दिल्ली महापालिकेचे बारा झोन आहेत. त्यातल्या एका झोनमध्ये एक वर्ष मुलांच्या पातळीची एकही शीट वर मागवू नये. शिक्षकांनी आपली नोंद आपल्यापाशी ठेवावी, रोजचा एक तास पातळीप्रमाणे गटांना द्यावा, आणि पर्यवेक्षकांनी महिन्यातले निम्मे दिवस वर्गांत घालवावेत. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी बाहेरच्या माणसांनी नमुन्यादाखल काही शाळांतली मुले तपासावीत, या झोनमधली आणि बाकीच्या अकरांतलीही. झोन कोणता घ्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे आधीच बरी स्थिती असलेला भाग निवडला अशी शंका राहणार नाही.